गळणारं पेन आणि जेन्सव्हिलचे तारमास्तर

पेन गळतं म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की मी आधी पेन हातात घेत नाही. आधी विचारते, शाई नेमकी कुठे लागते? टोपणात साठते, बोटांना लागते, की लिहिता लिहिता कागदावर थेंब पडतो? बहुतेकांना हे सांगता येत नाही. "गळतं" एवढंच माहीत असतं. मग मी पेन तसंच परत देते आणि दोन दिवस लक्ष ठेवून या म्हणते. हे तिन्ही वेगवेगळे आजार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

मी वाईत राहते. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. वडील तार खात्यात होते. लहानपणी त्यांच्या टेबलाजवळ बसून कडकट्ट ऐकलेलं आहे, आणि तो आवाज ऐकता ऐकता कागदावर अक्षरं उतरवणारा त्यांचा हातही पाहिलेला आहे. त्यांच्यामागे त्यांचं काळं एबोनाइटचं पेन माझ्याकडे आलं. ते गळत होतं. ते दुरुस्त करायच्या खटपटीतून हे काम सुरू झालं आणि आता निवृत्तीनंतर रोज दुपारी तेच करते. तुमच्याही घरात आजोबांचं किंवा आईचं एखादं शाईचं पेन पडून असेल, तर ते घरच्या घरी लिहितं कसं करायचं ते सांगते. सांगताना जॉर्ज सॅफर्ड पार्कर यांचा उल्लेख वारंवार येईल, कारण हे काम कोणत्या क्रमाने करायचं हे मला त्यांच्या गोष्टीतून उमगलं.

पार्कर मूळचे शिक्षक. जन्म १८६३चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. त्याच राज्यात जेन्सव्हिल नावाच्या गावी तारविद्या शिकवणारी एक शाळा होती, व्हॅलेंटाइन यांची. तिथे ते शिकायला गेले आणि तिथेच मास्तर झाले. पगाराला जोड म्हणून सिनसिनाटीच्या जॉन हॉलंड कंपनीची पेनं विद्यार्थ्यांना विकू लागले. आता तार घेणाऱ्याची अडचण लक्षात घ्या. यंत्र कडकडत असतं आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही. कान ऐकतो, हात लिहितो. मध्येच पेन अडलं किंवा कागदावर डाग पडून शब्द झाकला गेला, तर तेवढा मजकूर गेला. त्यामुळे पेन बिघडलं की विद्यार्थी ज्याने विकलं त्याच्याकडेच येणार. ते पार्कर मास्तरांकडे येत आणि मास्तर ती पेनं स्वतः उघडून दुरुस्त करून देत. विकणारा आणि दुरुस्त करणारा हात एकच होता, आणि रोज वर्गात समोर बसणारं गिऱ्हाईकही तेच. मला वाटतं, त्यांच्या धंद्याचं सगळं मूळ इथे आहे. दुकानदाराला बिघडलेलं पेन एकदाच दिसतं, मास्तरांना तेच पेन रोज दिसत होतं.

तर पहिली पायरी तीच. पेन न उघडता दोन दिवस वापरा आणि वहीत लिहून ठेवा: शाई कुठे लागली, तेव्हा पेनात साधारण किती शाई होती, पेन खिशात होतं की टेबलावर, उभं होतं की आडवं.

मग पेन कशाचं आहे ते ओळखा. ही पायरी चुकवू नका. नळी अंगठ्याने जोरजोरात चोळा, अंगठा गरम होईपर्यंत, आणि लगेच वास घ्या. गंधकासारखा वास आला तर ते एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. कसलाच वास आला नाही तर बहुधा अलीकडचं प्लॅस्टिक. एबोनाइटची नळी पाण्यात भिजत ठेवायची नाही. वडिलांचं पेन मी रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं होतं. संध्याकाळी काळंभोर होतं, सकाळी काढलं तेव्हा शेवाळी तपकिरी झालेलं होतं. जुन्या एबोनाइटचा पृष्ठभाग पाण्याने आणि उन्हाने असा पालटतो, आणि तो रंग धुऊन परत येत नाही. ते पेन आजही लिहितं, पण वडिलांच्या हातात मी पाहिलेला रंग माझ्यामुळे गेला. तुमच्या हातून हे होऊ नये म्हणून मुद्दाम सांगते. सेल्युलॉइडचा धोका वेगळाच आहे, ते भुरकन पेट घेतं. त्याच्या आसपास मेणबत्ती, काडेपेटी, गॅस काही नको. आणि कुठल्याही जुन्या पेनाला स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचं द्रावण लावू नका.

उघडण्यासाठी हवे सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे, तळहाताएवढे. एकाने नळी धरायची, दुसऱ्याने निबेमागचा भाग, जिथे आपली बोटं असतात तो. हळू पिळायचं. मी इथे ड्रॉपरने शाई भरायच्या पेनांबद्दल बोलते आहे, ज्यांची नळीच शाईची टाकी असते. घराघरांतून निघणाऱ्या जुन्या पेनांत ती पुष्कळ असतात. पेन सुटलं नाही तर जोर वाढवायचा नाही. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा जोडावर द्यायची, पेन सतत फिरवत, बोटांना सोसेल इतपतच. अर्ध्या मिनिटाने पुन्हा पिळून पाहायचं. वर्षानुवर्षं आट्यांत वाळलेली शाई डिंकासारखी धरून बसलेली असते. चार-पाच वेळा ऊब दिली की ती सोडते. एका पेनाला मला तीन दुपारी लागल्या होत्या.

सुटलेला निबेचा भाग कपभर साध्या पाण्यात निब खाली करून उभा ठेवा. पाणी निबेपुरतंच, बोटांच्या पकडीपर्यंत यायला नको. निबेतून शाईचे निळे दोरे सरळ खाली उतरताना दिसतील. पाणी निळं झालं की बदला. मग लहान मुलांचं नाक साफ करायची रबरी पिचकारी घ्या, तिचं तोंड मागच्या भोकाला लावा आणि पाणी दाबून पुढे काढा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब चालतो. निबेतून स्वच्छ पाणी येईपर्यंत हे करायचं. नळी आतून धुवायची तर पाणी भरा, हलवा, लगेच ओता आणि पुसून कोरडी करा. माझ्याकडे येणाऱ्या "बिघडलेल्या" पेनांतली निम्मीअधिक इथेच बरी होतात. ज्यांच्यात कधी ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई भरली गेली असेल ती मात्र नाही. त्या शाईत लाखेसारखा चिकट पदार्थ असतो आणि तो आतल्या बारीक खाचा बुजवून टाकतो. शाईच्या पेनात शाईच्या पेनाचीच शाई घाला.

इथे थोडं थांबून पेन गळतं का ते समजून घेऊ. वर्गात मला सर्वांत जास्त आनंद देणारा भाग हाच होता.

पेनातली शाई खाली पडत नाही, कारण बाहेरून हवा आत आल्याशिवाय ती बाहेर येऊ शकत नाही. हवेला आणि शाईला वाट एकच, निबेखालच्या काळ्या जिभेतल्या बारीक खाचा. ही जीभ म्हणजेच फीड. हवा आणि शाई यांची अशी शिस्तशीर देवाणघेवाण करणाऱ्या खाचांचं पेटंट लुईस वॉटरमन यांनी १८८४मध्ये घेतलं. तिथून पेन भरवशाचं झालं, पण गळायचं पुरतं थांबलं नाही. कारण टाकीतली हवा.

हिशेब करून पाहा. नळीत दोन मिलिलिटर जागा आहे आणि त्यात दीड मिलिलिटर हवा उरली आहे, म्हणजे शाई संपत आली आहे. तुम्ही पेन हातात घेतलं, हाताच्या उबेने ती हवा २५ अंशांवरून ३५ अंशांवर गेली. दहा अंशांनी हवा सव्वातीन ते साडेतीन टक्के फुगते. दीड मिलिलिटरचे झाले सुमारे ०.०५ मिलिलिटर. एक थेंब साधारण तेवढाच असतो. म्हणजे नुसत्या हाताच्या उबेने एक अख्खा थेंब बाहेर ढकलला गेला. पेन भरलेलं असतं आणि हवा ०.३ मिलिलिटरच असती, तर एका थेंबाचा पाचवा हिस्साच सरकला असता, आणि तेवढं जिभेच्या खाचा सहज सांभाळतात. म्हणून ड्रॉपरचं पेन एक तृतीयांशाच्या खाली जाऊ द्यायचं नाही. कागदावर थेंब पाडणाऱ्या पेनाला पुष्कळदा एवढंच औषध पुरतं.

आमच्याकडे आणखी एक कारण आहे. वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला गेलं की सहाशे-साडेसहाशे मीटरची चढण होते. हवेचा दाब सातेक टक्क्यांनी उतरतो आणि पेनातली हवा तेवढीच फुगते. एक मिलिलिटर हवा असेल तर जवळजवळ दीड थेंब शाई बाहेर. वर कामाला जाणाऱ्या एका बाईंचं पेन दर सोमवारी गळायचं आणि इतर दिवशी नाही, त्याचं कारण हे होतं. त्या सोमवारी वर जात आणि शनिवारी खाली येत. घाट चढताना पेन काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामं करा, आणि निब वर करून ठेवा.

आता टोपणात साठणारी शाई. पार्करांचं नाव ज्यामुळे झालं तो भाग हाच. आपण पेन निब वर करून खिशाला लावतो. टाकीतली शाई खाली उतरते, पण जिभेच्या खाचांतली उतरत नाही. बारीक खाच शाईला धरून ठेवते. मग छातीच्या उबेने खालची हवा फुगते, वर जायला वाट शोधते आणि खाचेतली शाई पुढे ढकलून टोपणात सोडते. टोपण काढलं की बोटं निळी. पार्कर मास्तरांनी केलं काय, तर जिभेचं मागचं शेपूट लांब ठेवून वाकवलं, इतकं की ते नळीच्या आतल्या भिंतीला टेकलं. पावसात पन्हाळीच्या टोकाला लोंबणारा थेंब आठवा. तो लोंबतच राहतो. त्याला बोट लावा, बोटावरून सरळ ओघळतो. तसंच शेपूट भिंतीला टेकल्यावर खाचेतली शाई भिंतीवरून टाकीत परत जाते. हवा फुगली तरी तिच्यापुढे ढकलायला शाईच नाही. याचं पेटंट १८९४चं, नाव 'लकी कर्व्ह'. वेगळा सुटा भाग नाही, स्प्रिंग नाही, फक्त एक वाक. वर्गात मी हे काचेच्या नळीने दाखवायची. थेंब ओघळला की मुलं अजून एकदा म्हणायची.

तुमच्या पेनात लकी कर्व्ह नसेल, बहुतेक नसणारच. म्हणून सवय लावून घ्या. लिहून झालं की टोपण लावण्याआधी निब वर करून पेनाला बोटाने दोन टिचक्या मारा आणि निबेचं टोक टिपकागदाला क्षणभर टेकवा. खाचेतली जादा शाई निघून जाते.

टोपणात तरीही शाई येत असेल किंवा पेन कधी ओकतं, कधी कोरडं पडतं असं असेल, तर निब आणि जीभ यांच्यात फट पडली आहे का पाहा. दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. बाजूने, उजेडाकडे धरून बघायचं. निब आणि जीभ यांच्यामधून उजेड दिसला तर फट आहे. जीभ एबोनाइटची असेल तर ती बसवता येते, आणि यासाठी निब काढायचीही गरज नाही. उकळी येण्याआधीचं, वाफाळणारं पाणी एका वाटीत घ्या. त्यात फक्त निब आणि जीभ वीस-तीस सेकंद धरा. बाहेर काढून लगेच फडक्याने धरून निब आणि जीभ एकमेकांवर चिमटीत दाबा आणि तसंच गार पाण्यात नेऊन मिनिटभर दाबून ठेवा. गरम एबोनाइट वाकतं आणि थंड झाल्यावर तो आकार धरून ठेवतं. हे करताना मला दर वेळी पार्करांचं ते वाकवलेलं शेपूट आठवतं. प्लॅस्टिकच्या जिभेला हा उपाय चालत नाही.

भिंग हातात आहेच तर निबेची दोन टोकं समोरून पाहा. एक वर, एक खाली असेल तर पेन कागदाला ओरबाडतं. नखाने वरचं टोक अलगद खाली दाबा, सोडा, पाहा. पुन्हा दाबा. घाईने पक्कड लावू नका. टोकाला घासकागद लावायचा मोहही आवरा, कारण निबेच्या टोकावरचा कठीण धातूचा दाणा एकदा झिजला की परत येत नाही. ओरबाडणाऱ्या दहा निबांतल्या आठ नुसत्या सरळ करून सुधारतात, असा माझा अनुभव आहे.

बोटांना शाई लागत असेल तर दोष जोडाच्या आट्यांत. पार्करांच्या विद्यार्थ्यांची ही तक्रार इतकी जुनी होती, की १९व्या शतकाच्या शेवटी त्यांनी 'जॉइंटलेस' नावाचं, नळीला आट्यांचा जोडच नसलेलं पेन काढलं. आपल्याला एवढं लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या तोटीला लावतात ते सिलिकॉन ग्रीस घ्या. दातकोरणीच्या टोकावर मावेल एवढंच आट्यांवर गोल फिरवा, नळी लावा, काढा, पुन्हा लावा. जास्त लावलंत तर ते जिभेत शिरेल आणि शाई अडेल. व्हॅसलीन नको, रबराला ते मानवत नाही. जुन्या काळी आट्यांना मेण लावत. ते चालतं, पण उन्हाळ्यात मऊ पडतं.

शाई भरताना ड्रॉपरने, आट्यांच्या खाली दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून भरा. शाईबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह होतो. पार्कर कंपनीची 'क्विंक' शाई बाजारात आली ती १९३१मध्ये, आणि त्याच वर्षी मुंबईत दि. प. दांडेकर यांनी 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि गोळ्या बनवायला घेतल्या. पुढे त्याचंच कॅम्लिन झालं. शाईची गोळी पाण्यात विरघळवून वापरण्याची युक्ती पार्करांनीही पहिल्या महायुद्धात केली होती. खंदकातल्या सैनिकासाठी पेनाच्या मागच्या टोकात शाईच्या गोळ्या ठेवलेल्या असत, नळीत पाणी घातलं की शाई तयार. आज दुरुस्त केलेल्या पेनात मी पहिले काही महिने साधी निळी, पाण्याने धुतली जाणारी शाईच भरायला सांगते. काही राहून गेलं असेल तर ते धुऊन काढता येतं.

आता परीक्षा. भरलेलं पेन घट्ट पुसा, निब खाली करून टिपकागदावर एक इंच उंच धरा, नळीभोवती मूठ आवळा आणि पाच मिनिटं तसेच बसा. थेंब पडला नाही तर दोन तृतीयांश शाई काढून पुन्हा तेच करा. दुसरी परीक्षा अवघड असते, आणि तिच्यात थेंब पडला तर परत भिंगाकडे जायचं. तिसरी परीक्षा लिहिण्याची. रेडिओवरच्या बातम्या लावा आणि ऐकू येईल ते न थांबता पानभर लिहा. तार शिकणाऱ्यांची हीच परीक्षा होती. सावकाश सही करताना चांगलं वाटणारं पेन इथे तिसऱ्या ओळीला अडतं.

हाच उद्योग पुढे धंदा म्हणून करावा असं कुणाला वाटत असेल, तर पार्करांच्या तारखा बघा. कंपनीची सुरुवात १८८८, पहिलं पेटंट १८८९. विमा व्यवसायातले डब्ल्यू. एफ. पामर हजार डॉलर घालून निम्मे भागीदार झाले ते १८९१मध्ये, आणि कंपनीची रीतसर नोंदणी १८९२मध्ये. लकी कर्व्ह त्यानंतर दोन वर्षांनी. लाल-नारिंगी 'ड्यूओफोल्ड', सात डॉलरचं, ज्याने कंपनीला जगभर नेलं, ते १९२१चं, म्हणजे सुरुवातीनंतर तेहतीस वर्षांनी. आधी दुरुस्ती, मग सुधारणा, भांडवल त्याच्या मागून. दुसऱ्याची पेनं उघडायचा कंटाळा असेल तर स्वतःचं पेन काढायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्याकडे दोन मुलं शिकायला येतात. सहा महिने मी त्यांना फक्त तक्रारी लिहून घ्यायला आणि धुवायला लावते.

पेन परत देताना पैसे लगेच घेऊ नका. आठवडाभर वापरून पुन्हा आणायला सांगा. आणलं की टोपण काढून आतून पांढऱ्या कापडाची पुरचुंडी फिरवा. कापड कोरडं निघालं तर वहीत तारीख घाला. माझ्या वहीत काल २१२व्या पेनापुढे तारीख पडली. २१३वं, हिरव्या सेल्युलॉइडचं, अजून उघडलेलं नाही. त्याच्या मालकिणीला शाई कुठे लागते ते आठवत नव्हतं, म्हणून ते परवापर्यंत तिच्याकडेच आहे.